१९६४ सालची अमेरिकेतील पहिल्या क्रमांकाची गाणी : बावन्न आठवड्यांचा हिशेब कसा लावावा?

प्रश्न : जुनी तबकडी, पुणे

सर्वांना नमस्कार. आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा एकत्र बसून जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकतो आणि दर वेळी एकाने एखादा विषय मांडायचा, असा आमचा रिवाज आहे. या वेळी माझ्या वाट्याला १९६४ हे वर्ष आले आहे. म्हणजे त्या एका वर्षात अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ या साप्ताहिक यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली गाणी. त्या वर्षी बीटल्स अमेरिकेत आले आणि बाकी सगळे वाहून गेले, हे वाक्य मी तरुणपणापासून ऐकत आलो असल्यामुळे विषय सोपा जाईल असे वाटले होते. प्रत्यक्षात वही घेऊन एकेक आठवडा मांडला, तेव्हा ते वाक्य जसेच्या तसे टिकत नाही असे दिसू लागले.

माझी मोजणी अशी आहे. ४ जानेवारीच्या अंकापासून २६ डिसेंबरच्या अंकापर्यंत बावन्न आठवडे भरतात आणि त्यांत एकूण २३ गाणी पहिल्या क्रमांकावर आली. त्यांपैकी ६ गाणी बीटल्सची असून त्यांनी मिळून १८ आठवडे व्यापले. पीटर अँड गॉर्डन, अ‍ॅनिमल्स आणि मॅनफ्रेड मॅन हे इतर ब्रिटिश कलावंत जमेला धरले, तरी ब्रिटिश गाण्यांचे आठवडे २४ होतात. म्हणजे ज्या वर्षाला सर्रास ब्रिटिश आक्रमणाचे वर्ष म्हटले जाते, त्या वर्षी निम्म्याहून अधिक आठवडे, म्हणजे २८ आठवडे, शिखरावर अटलांटिकच्या अमेरिकेकडील किनाऱ्याचेच गायक होते. सुप्रीम्स या डेट्रॉईटच्या तीन मुलींच्या गटाची तीन गाणी आहेत, बॉबी व्हिंटनची दोन आहेत, आणि डीन मार्टिन व लुई आर्मस्ट्राँग यांच्यासारखे आधीच्या पिढीचे गायकही आहेत.

दुसरी अडचण वार्षिक यादीची आहे. बिलबोर्डने वर्षअखेरीस जी क्रमवारी दिली, तीत बीटल्सचे ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ पहिले आणि त्यांचेच ‘शी लव्हज यू’ दुसरे आहे, हे समजण्यासारखे आहे. तिसरे मात्र आर्मस्ट्राँगचे ‘हॅलो, डॉली!’ आहे, जे फक्त एक आठवडा पहिल्या क्रमांकावर होते. याउलट बीटल्सचे ‘कान्ट बाय मी लव्ह’ हे गाणे तब्बल पाच आठवडे शिखरावर राहूनही वार्षिक यादीत पन्नाशीच्या पलीकडे गेले आहे. माझ्या मोजणीत काही चूक आहे का? नसेल, तर श्रोत्यांसमोर हे वर्ष कोणत्या हिशेबाने मांडावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : आकडेमोड, नाशिक

आपली मोजणी बरोबर आहे. गोंधळ आकड्यांत नाही. पहिला क्रमांक ही गोष्ट नेमके काय मोजते, याविषयीच्या आपल्या सर्वांच्या समजुतीत तो आहे.

हॉट १०० ही यादी ऑगस्ट १९५८ मध्ये सुरू झाली. रेकॉर्डच्या दुकानांतून मिळालेली विक्रीची माहिती आणि रेडिओ केंद्रांनी कोणती गाणी किती वाजवली याचे अहवाल, या दोन्हींची सांगड घालून ती तयार होत असे. आज यंत्राने प्रत्येक विक्रीची आपोआप नोंद होते, तशी सोय त्या काळात नव्हती. दुकानदार आणि केंद्रचालक जे कळवत, त्यावर सारी भिस्त होती. अशा यादीतला पहिला क्रमांक म्हणजे त्या आठवड्यातील इतरांच्या तुलनेत मिळालेले स्थान. एखाद्या सुस्त आठवड्यात थोड्या खपावरही गाणे शिखरावर जाऊ शकते आणि एखाद्या चुरशीच्या आठवड्यात त्याच्या दुप्पट खपलेले गाणे दुसऱ्या क्रमांकावर अडकून पडू शकते.

वार्षिक यादीचा हिशेब वेगळा असतो. तिथे गाण्याच्या यादीतील संपूर्ण मुक्कामाचे गुण धरले जातात. चाळिसाव्या क्रमांकावरचा आठवडाही काहीतरी देऊन जातो आणि पाचव्या-सहाव्या क्रमांकावर रेंगाळलेले आठवडे तर पुष्कळच देतात. ‘कान्ट बाय मी लव्ह’चे उदाहरण घ्या. अमेरिकेत ते बाजारात येण्यापूर्वीच त्याच्या २० लाखांहून अधिक प्रतींची मागणी नोंदवली गेली होती. पहिल्या आठवड्यात ते २७ व्या क्रमांकावर यादीत आले आणि दुसऱ्याच आठवड्यात थेट पहिल्यावर गेले; त्या काळी एवढी मोठी उडी मारून कोणतेही गाणे शिखरावर पोहोचले नव्हते. ज्यांना ते हवे होते त्यांनी ते लगेच विकत घेतले आणि त्यामुळेच ते लवकर उतरलेही. यादीतील त्याचा एकूण मुक्काम अवघा दहा आठवड्यांचा आहे. म्हणजे त्याचे निम्मे आयुष्य शिखरावर गेले, परंतु ते आयुष्यच लहान होते.

‘हॅलो, डॉली!’ची चाल याच्या नेमकी उलट आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील याच नावाच्या संगीतिकेची प्रसिद्धी व्हावी म्हणून आर्मस्ट्राँग यांनी डिसेंबर १९६३ मध्ये ते गाणे ध्वनिमुद्रित केले होते आणि त्याच्याकडून फारशी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. ते फेब्रुवारीत यादीत खालच्या बाजूला शिरले, पायरी-पायरीने चढत ९ मे रोजी पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि त्यानंतरही बराच काळ यादीत टिकून राहिले. फेब्रुवारीच्या आरंभापासून सलग १४ आठवडे बीटल्सची तीन गाणी एकामागून एक शिखरावर होती. ती साखळी तोडणारा माणूस ६२ वर्षांचा जाझ वादक होता, आणि तोवर त्या यादीत पहिल्या क्रमांकावर आलेल्या कलावंतांत तो वयाने सर्वांत मोठा ठरला. हे गाणे विकत घेणाऱ्यांत किशोरवयीन मुलेही असतील आणि त्यांचे आईवडीलही असतील, म्हणूनच ते इतके दिवस विकले गेले असावे, असे मला वाटते.

तेव्हा माझे मत असे की, शिखरावरचे आठवडे आणि यादीतील एकूण मुक्काम हे दोन वेगळे रकाने करून श्रोत्यांसमोर शेजारी-शेजारी ठेवावेत. त्यांची बेरीज करू नये.

उत्तर : पंचेचाळीस फेरे, मुंबई

आकडेमोड यांनी यादीचे गणित सांगितले; मी बाजाराची बाजू सांगतो, कारण ती समजल्याशिवाय ४ एप्रिल १९६४ चा अंक समजत नाही. त्या अंकात पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. ‘कान्ट बाय मी लव्ह’, ‘ट्विस्ट अँड शाउट’, ‘शी लव्हज यू’, ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ आणि ‘प्लीज प्लीज मी’, अशा त्या क्रमाने. लोक हे विक्रमाचे लक्षण म्हणून सांगतात आणि तो विक्रम आहेच. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे ते या पाच तबकड्यांवरचे कंपन्यांचे शिक्के पाहणे. पहिली आणि चौथी तबकडी कॅपिटॉल कंपनीची, दुसरी टॉलीची, तिसरी स्वानची आणि पाचवी व्ही-जेची होती. पाच गाणी आणि चार वेगवेगळे शिक्के.

असे झाले, कारण अमेरिकेतील कॅपिटॉलने १९६३ मध्ये बीटल्सची गाणी एकामागून एक नाकारली होती. बीटल्सची गाणी ब्रिटनमध्ये काढणारी लंडनची ईएमआय हीच कॅपिटॉलची मालक कंपनी असूनही हे घडले. मग ती गाणी शिकागोच्या व्ही-जे आणि फिलाडेल्फियाच्या स्वान या छोट्या कंपन्यांनी काढली आणि तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. ‘शी लव्हज यू’ ब्रिटनमध्ये १९६३ साली प्रचंड गाजत असताना अमेरिकेत ते यादीतसुद्धा आले नव्हते. वर्षअखेरीस चित्र पालटले. वॉशिंग्टनमधल्या एका रेडिओ केंद्राने एका किशोरवयीन मुलीच्या पत्रावरून ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ची ब्रिटनहून मागवलेली प्रत वाजवली, श्रोत्यांचे दूरध्वनी थांबेनात आणि कॅपिटॉलला जानेवारीऐवजी २६ डिसेंबरलाच ती तबकडी बाजारात आणावी लागली. शाळांना नाताळची सुट्टी होती आणि मुले दिवसभर रेडिओ ऐकत होती. पुढे ९ फेब्रुवारीला एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्स आले, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो पाहिला; पण लक्षात घ्या, गाणे १ फेब्रुवारीच्या अंकातच पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. दूरचित्रवाणीने बीटल्सना मोठे केले असे म्हणणाऱ्यांनी ह्या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

एकदा मागणी उसळल्यावर व्ही-जे आणि स्वान यांनी आपल्याकडील जुना माल पुन्हा बाहेर काढला. टॉली ही तर व्ही-जेचीच उपकंपनी होती. त्यामुळे ब्रिटनमध्ये ज्या गाण्यांना श्रोत्यांपर्यंत पोहोचायला दीड वर्ष लागले, ती सारी अमेरिकेत काही आठवड्यांत एकदम कोसळली. याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘लव्ह मी डू’ हे आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेले आणि तिथे १७ व्या क्रमांकापर्यंतच गेलेले हे गाणे ३० मे १९६४ रोजी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते, आणि त्यावर टॉलीचा शिक्का होता. एकाच कंपनीकडे सर्व हक्क असते, तर तिने आपलीच गाणी एकमेकांशी भिडू नयेत म्हणून ती महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने सोडली असती. मग पाचही गाणी एका आठवड्यात पहिल्या पाचांत आलीच नसती, आणि कदाचित बीटल्सचे एकूण आठवडे १८ पेक्षा जास्तही झाले असते. हा माझा अंदाज आहे, पण मला तो पटतो.

आपल्या बैठकीत या पाच तबकड्या किंवा निदान त्यांच्या शिक्क्यांची छायाचित्रे अवश्य दाखवा. ऐकणाऱ्यांना ही गोष्ट डोळ्यांनी लगेच कळते.

उत्तर : मिशिगनवासी

गेली अनेक वर्षे मी डेट्रॉईटच्या परिसरात राहतो, त्यामुळे आपल्या २८ आठवड्यांबद्दल मला विशेष आस्था आहे. आपण ते ‘उरलेले’ आठवडे म्हणून मांडू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये डेट्रॉईटमध्ये उभ्या केलेल्या मोटाऊन या कंपनीची चार गाणी त्या वर्षी शिखरावर गेली आणि त्यांनी मिळून ९ आठवडे घेतले. पहिले मेरी वेल्स यांचे ‘माय गाय’, जे स्मोकी रॉबिन्सन यांनी लिहिले होते. ते १६ मेच्या अंकात पहिल्या क्रमांकावर आले आणि त्याच आठवड्यात वेल्स २१ वर्षांच्या झाल्या. अल्पवयात केलेल्या करारातून त्या मोकळ्या होऊ पाहत होत्या, त्यांनी मोटाऊन सोडले आणि त्यानंतर त्यांचे एकही गाणे पुन्हा शिखरावर गेले नाही. ती जागा सुप्रीम्सनी घेतली. तोवर या गटाला कंपनीतच अपयशी समजत असत, आणि ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ हे गाणेही आधी मार्व्हेलेट्स या दुसऱ्या गटासाठी होते, त्यांनी नाकारल्यावर यांच्याकडे आले. ऑगस्टमध्ये ते दोन आठवडे, ‘बेबी लव्ह’ ऑक्टोबरअखेरीपासून चार आठवडे आणि ‘कम सी अबाउट मी’ डिसेंबरमध्ये एक आठवडा शिखरावर होते. तिन्ही गाणी हॉलंड, डोझियर आणि हॉलंड या तिघांनी लिहिलेली आहेत. ‘बेबी लव्ह’चे चार आठवडे म्हणजे वर्षाच्या उत्तरार्धातील सर्वांत मोठा मुक्काम, बीटल्सच्याही गाण्यांपेक्षा मोठा.

येथे एक गोष्ट सांगणे फार आवश्यक आहे, कारण ती पुष्कळदा सुटते. नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीपासून जानेवारी १९६५ पर्यंत बिलबोर्डने कृष्णवर्णीयांच्या ‘रिदम अँड ब्लूज’ संगीताची वेगळी यादी छापलीच नाही. म्हणजे १९६४ या संपूर्ण वर्षात त्या श्रोत्यांची आवड स्वतंत्रपणे नोंदवणारा रकाना बिलबोर्डमध्ये नाही. त्यासाठी ‘कॅश बॉक्स’ या प्रतिस्पर्धी साप्ताहिकाकडे पाहावे लागते. १९६४ ची आपली सगळी चित्रे हॉट १०० वरून रंगवलेली असतील, तर त्यांत ही उणीव राहते, हे श्रोत्यांना सांगितले पाहिजे.

आता ब्रिटिश गाण्यांच्या आत डोकावून पाहा. अ‍ॅनिमल्सचे ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ सप्टेंबरमध्ये तीन आठवडे पहिले होते. गाणारे न्यूकॅसलचे, पण गाणे अमेरिकेतील जुने लोकगीत आणि त्यातले घर न्यू ऑर्लिन्सचे. मॅनफ्रेड मॅनचे ‘डू वा डिडी डिडी’ न्यूयॉर्कच्या जेफ बॅरी आणि एली ग्रीनिच या जोडप्याने लिहिले होते आणि एका अमेरिकी गटाने ते आधीच गायले होते. याच जोडप्याचा हात जूनमध्ये तीन आठवडे शिखरावर असलेल्या ‘चॅपल ऑफ लव्ह’मध्येही आहे आणि नोव्हेंबरमधल्या ‘लीडर ऑफ द पॅक’मध्येही. याउलट ‘अ वर्ल्ड विदाउट लव्ह’ पीटर अँड गॉर्डन यांनी गायले असले तरी ते बीटल्समधील मॅकार्टनी यांचे गाणे आहे, म्हणजे लेनन-मॅकार्टनी या बीटल्समधील दोघा गीतकारांच्या जोडनावाचा ठसा २३ पैकी सात गाण्यांवर आहे. गायकाच्या पारपत्रावरून आठवडे वाटण्यापेक्षा गाणे कोणी लिहिले हे पाहिले, तर आपला हिशेब निराळा आणि माझ्या मते अधिक न्याय्य होईल.

आणि वर्षाची सुरुवात ज्या गाण्याने झाली, ते व्हिंटनचे ‘देअर! आय हॅव सेड इट अगेन’ मुळात १९४५ साली गाजलेले होते. डीन मार्टिन यांनी ऑगस्टमध्ये ज्या गाण्याने बीटल्सच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ला खाली आणले, ते ‘एव्हरीबडी लव्हज समबडी’ही १९४० च्या दशकातले. नव्याच्या लाटेचे म्हणून गाजलेल्या वर्षात इतकी जुनी गाणी शिखरावर जातात, ही गोष्ट मला त्या यादीतली सर्वांत विलक्षण वाटते.

जुनी तबकडी, पुणे

आपण तिघांनी इतक्या मनापासून लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. मिशिगनवासी यांच्या सूचनेप्रमाणे मी आज पुन्हा वही उघडली आणि गीतलेखकांचा नवा रकाना आखला. बॅरी-ग्रीनिच जोडप्याच्या तीन गाण्यांचे सहा आठवडे भरले, आणि ही नावे मी आजवर कधी ऐकलीही नव्हती, याची मला खंत वाटली.

दोन शंका उरल्या आहेत. ५ डिसेंबरला पहिल्या क्रमांकावर असलेले ‘रिंगो’ हे गाणे बीटल्सच्या रिंगो स्टार या ढोलवादकाविषयी आहे का? आणि या साऱ्या घडामोडींचा आपल्याकडे त्या वेळी काही पडसाद उमटला का?

उत्तर : पंचेचाळीस फेरे, मुंबई

‘रिंगो’ हे गाणे एका बंदूकबाजाची कथा आहे आणि ती गायली कमी, सांगितली जास्त आहे. सांगणारे लॉर्न ग्रीन हे ‘बोनान्झा’ या दूरचित्रवाणी मालिकेतले नट होते आणि ते मूळचे कॅनडाचे. त्यामुळे आपल्या २८ आठवड्यांतला तो एक आठवडा काटेकोरपणे अमेरिकेचाही नाही. शीर्षकामुळे पुष्कळांची फसगत होते हे खरे. बीटल्सशी गाण्याचा संबंध काही नाही.

पडसादाचे विचाराल, तर तो मुंबईतच सापडतो. १९६५ च्या ‘जानवर’ या हिंदी चित्रपटातील ‘देखो अब तो किसी को नहीं है खबर’ हे शंकर-जयकिशन यांचे गाणे ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’च्या चालीवर बांधलेले आहे. मूळ गाणे अमेरिकेत शिखरावर गेल्यानंतर साधारण वर्ष-दीड वर्षात ती चाल आपल्या चित्रपटगृहांत वाजू लागली होती. आपल्या मंडळींत साठीपुढचे श्रोते असतील तर त्यांना बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर लागणारी अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ आठवत असेलच. तिचे साप्ताहिक पायदान आणि डिसेंबरमधला वार्षिक क्रम यांत जो फरक पडत असे, त्यावरून ‘हॅलो, डॉली!’चे कोडे त्यांना एका क्षणात उमगेल; दीर्घ व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही.

उत्तर : आकडेमोड, नाशिक

कार्यक्रमाच्या शेवटाविषयी एक सूचना करतो. २६ डिसेंबरच्या अंकात बीटल्सचे ‘आय फील फाइन’ पहिले आहे, म्हणून वर्षाचा शेवट त्या गाण्याने करावा असे आपल्याला वाटेल. ते पुढच्या वर्षीही २ आणि ९ जानेवारीच्या अंकांत पहिलेच राहिले. १६ जानेवारी १९६५ रोजी त्याला खाली आणणारे गाणे नवे नव्हते. १९ डिसेंबरला एक आठवडा शिखरावर राहून उतरलेले सुप्रीम्सचे ‘कम सी अबाउट मी’च पुन्हा वर आले होते. तेव्हा ‘आय फील फाइन’नंतर लगेच ती तबकडी लावा आणि तिचे दोन्ही आठवडे श्रोत्यांना तारखांसह सांगा.